पेपर चष्म्याशिवाय वाचता येतो, मग मोतीबिंदू काढायचा कशाला?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका ६७ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. कोथरूडला पतीसह राहतात, मुलगा-सून बाणेरला. दहाएक वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात असल्याचं कळलं. गेल्या महिन्यात नेहमीच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा उजवा डोळा ६/१२ आणि डावा ६/९ निघाला. "कामं होतायत ना? मग सहा महिन्यांनी या," असं ते म्हणाले. मुलाचं समाधान झालं नाही. तो त्यांना एका मोठ्या रुग्णालयात घेऊन गेला. तिथे "उजवा लवकर करून घ्या" असं सांगून भिंगांच्या तीन पॅकेजांचा कागद हातात ठेवला. नणंदबाईंचं म्हणणं, पिकल्याशिवाय हात लावू नये. शिवाय वर्षभरात त्यांना पेपर चष्म्याशिवाय वाचता यायला लागलाय, म्हणजे डोळे सुधारतच आहेत असं त्यांना वाटतं. त्या विचारतात, "दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात म्हणजे एक जण नक्की फसवतोय. वेळ झाली हे आपलं आपण कसं ओळखायचं?" पत्राच्या अखेरीस, यजमानांच्या तब्येतीबद्दल लिहिता लिहिता, एक ओझरता उल्लेख आहे : समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांपुढे पसरतात म्हणून त्या अंधार पडल्यावर अ‍ॅक्टिव्हा काढत नाहीत, आणि गेल्या डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सवालाही गेल्या नाहीत.

ताई, नमस्कार.

आधी फसवणुकीचं बघू, कारण तो संशय मनात आहे तोवर पुढचं काही तुम्हाला पटणार नाही. मी अनेक वर्षं मोतीबिंदू काढले, आता शस्त्रक्रिया करत नाही. त्यामुळे तुम्ही कुठे जाता, कधी जाता, यात माझं काही अडकलेलं नाही. तुमचं पत्र दोनदा वाचूनही मला दोघांपैकी कुणी खोटं बोललंय असं दिसलं नाही. पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, कामं होतायत ना? तुम्ही होकार दिलात. आपल्या पिढीतल्या बायका या प्रश्नाला दुसरं उत्तर देतच नाहीत. दुसऱ्या ठिकाणी, माझा अंदाज, तुमच्याऐवजी मुलगा बोलला. त्याने रात्रीच्या गाडीचं सांगितलं असणार. एकाच डोळ्याबद्दल दोघांना दोन वेगळ्या हकिकती मिळाल्या, तर निष्कर्षही दोन निघणार.

६/१२ या आकड्याचा अर्थ एवढाच, की निरोगी नजरेला बारा मीटरवरून जी ओळ वाचता येते ती तुम्हाला सहा मीटरवरून वाचावी लागते. आकडा खराच आहे. पण तो कसा मिळाला ते आठवा. अंधाऱ्या खोलीत उजळलेल्या पांढऱ्या पाटीवर काळीभोर अक्षरं, समोरून कुणाचा दिवा येत नाही, मागून हॉर्न नाही, आणि डॉक्टर म्हणतायत, "सावकाश वाचा." मोतीबिंदूला याहून सोयीची परीक्षा नाही. त्याच डोळ्यांनी पावसाळ्यातल्या संध्याकाळी साडेसातला कर्वे रस्त्यावर, ओल्या डांबरावर चमकणाऱ्या दिव्यांत, समोरची सायकल ओळखायची म्हटली की तो आकडा निरुपयोगी ठरतो. ६/१८ वर समाधानाने जगणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना दिवसातून दोनदा देवळापर्यंत जायचं असतं आणि टीव्हीवरची मालिका पाहण्यापेक्षा ऐकायचीच असते. आणि ६/९ असूनही काम अडलेली माणसंही पाहिली आहेत : शिंपीकाम करणारे, रात्रपाळीचे चालक, सोन्याची कारागिरी करणारे. म्हणून आकडा फक्त सोबतीला ठेवायचा, निर्णय त्याच्यावर सोपवायचा नाही.

आता नणंदबाईंचं. त्यांना हसू नका, त्यांचं म्हणणं एके काळी अगदी शास्त्रशुद्ध होतं. त्या काळी डोळ्यातलं नैसर्गिक भिंग अख्खं बाहेर काढत. त्यासाठी बुबुळाच्या कडेने जवळजवळ अर्धवर्तुळाकार छेद घ्यावा लागे, मग टाके, मग डोकं न हलवता अंथरुणात पडून राहणं. काढलेल्या भिंगाच्या जागी काहीच बसवत नसत. त्याची भरपाई करायला +१० च्या आसपासचा जाडजूड चष्मा येई, आणि त्यातून सगळं पाव-एक हिश्शाने मोठं दिसे. एका डोळ्याला असं मोठं चित्र आणि दुसरा डोळा चांगला, तर मेंदूला दोन्ही जुळवता येत नाहीत, एकाच्या जागी दोन दिसतात. म्हणजे दुसरा डोळा बरा असताना शस्त्रक्रिया करून फायदाच नव्हता! त्यातून भिंग अख्खं न काढता फोडून काढायचं म्हटलं, तर कच्च्या मोतीबिंदूचा चिकट भाग आत राहून त्रास देई. एवढं सगळं लक्षात घेतलं तर पूर्ण आंधळेपण येईपर्यंत थांबणं हा शहाणपणाच होता.

तो काळ एका दिवसात संपला नाही. कृत्रिम भिंग डोळ्यात बसवण्याची सुरुवात हॅरल्ड रिडली यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नोव्हेंबर १९४९ मध्ये केली. मोतीबिंदू आतल्या आत ध्वनिलहरींनी फोडून शोषून घेण्याची पद्धत, जिला आपण सगळे फेको म्हणतो, ती चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये आणली. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी सर्रास व्हायला पुढची काही दशकं गेली. नणंदबाईंनी आपल्या सासूबाईंचा चष्मा पाहिला असेल तर तो त्याआधीचा. आज छेद दोन-तीन मिलिमीटरचा असतो, भिंगाचं पातळ वेष्टण जागच्या जागी ठेवतात आणि घडी केलेलं नवं भिंग त्याच्यात उलगडतात. टाका बहुतेक वेळा लागत नाही. आणि इथे सगळं गणित उलटं होतं. शहाळ्यातली मलई चमच्याने निघते, तीच सुकून खोबरं झाली की सुरी लागते. पिकून कडक झालेला मोतीबिंदू फोडायला जास्त ऊर्जा वापरावी लागते, आणि तिचा मार बुबुळाच्या आतल्या अस्तराच्या पेशींना बसतो. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. आणखी थांबलं तर मोतीबिंदू फुगतो किंवा वितळून झिरपतो, डोळ्यातला दाब चढतो, आणि साधी ठरवून करायची शस्त्रक्रिया तातडीची होऊन बसते.

हे वाचून घाबरून उद्या भरती होऊ नका. ६/१२ चा मोतीबिंदू त्या टोकापासून खूप लांब आहे. सहा महिने थांबलात तर डोळ्याचं नुकसान होणार नाही. तुमच्या पहिल्या डॉक्टरांना हे माहीत आहे, म्हणून ते निवांत होते.

चष्म्याशिवाय पेपर वाचता येण्याबद्दल मात्र मला तुमचा आनंद हिरावून घ्यावा लागतोय. भिंगाचा मधला गाभा कडक होत गेला की त्याची वक्रीभवनाची ताकद वाढते, आणि माणूस थोडा लघुदृष्टीचा होतो. जवळचं आपोआप स्पष्ट दिसू लागतं, आणि त्याच्या बदल्यात दूरचं जातं. साठी-सत्तरीतली कितीतरी माणसं "देवाची कृपा, चष्मा सुटला" म्हणत यायची आणि मला त्यांना दूरची पाटी दाखवावी लागायची. तुम्ही शिक्षिका होतात, कागद जपून ठेवले असतील. चष्म्याच्या मागच्या तीन-चार चिठ्ठ्या काढून ओळीने मांडा. दूरच्या नंबरापुढे उणे चिन्ह आलंय का, तो दर सहा-आठ महिन्यांनी वाढतोय का, पाहा. तसं असेल तर हा मोतीबिंदूच पुढे सरकतोय. दर थोड्या दिवसांनी नवा चष्मा करणं आणि तरीही "या चष्म्यातून काही नीट दिसत नाही" असं चष्मेवाल्याशी भांडणं, हे वेळ जवळ आल्याचं फार नेमकं लक्षण आहे.

आणि आता ते वाक्य, जे तुम्ही यजमानांच्या गुडघ्यांच्या आणि पथ्याच्या मधोमध लिहून मोकळ्या झालात. अंधार पडल्यावर गाडी काढत नाही. सवाईला गेले नाही.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. तुम्ही विचारताय वेळ कशी ओळखायची, आणि मोतीबिंदूने तुमच्या आयुष्यातून गोष्टी उचलायला सुरुवात केल्याचंही तुम्हीच लिहिताय. फक्त तो खर्च तुम्ही मोतीबिंदूच्या खात्यावर मांडलेला नाही. वयाच्या मांडला, रहदारीच्या मांडला. पुण्यात निम्मे लोक भर गावात हाय बीम लावून फिरतात हे खरंच आहे, त्यामुळे दोष आपल्या डोळ्यांचा की समोरच्याच्या संस्कारांचा हे कळायला मार्ग राहत नाही. पण तोच हाय बीम पाच वर्षांपूर्वीही होता आणि तेव्हा तुम्ही सवाई ऐकून मुकुंदनगरहून रात्री दहानंतर घरी येत होतात.

मोतीबिंदू इतका हळू वाढतो की माणूस त्याच्याबरोबर आपलं जगणं एक-एक बोट आखूड करत जातो. आधी रात्रीची गाडी सुटते. मग भरतकाम "आता कंटाळा येतो" म्हणून सुटतं. मग लग्नकार्यात लांबून ओळखीचे चेहरे ओळखू येत नाहीत म्हणून एका खुर्चीवर बसून राहायची सवय लागते आणि लोक म्हणतात, हल्ली शिष्ट झाल्या. यातलं काहीच डॉक्टरांच्या पाटीवर उमटत नाही. म्हणून "मला काय दिसत नाही?" असं स्वतःला विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी "दिसतं की" असं येतं. विचारायचं ते असं : दोन वर्षांपूर्वी मी काय करत होते जे आता करत नाही, आणि ते खरंच नको म्हणून सोडलं का? हा प्रश्न सुनेलाही विचारा. तिचं उत्तर तुमच्यापेक्षा लांब असेल.

घरच्या घरी आणखी थोडं पाहता येईल. डॉक्टरांच्या तपासणीला ते पर्याय नाही, पण डॉक्टरांना काय सांगायचं ते त्यातून कळतं. एक डोळा तळव्याने झाका, न दाबता, नेहमीचा चष्मा ठेवून. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहा. तारखेचा मोठा आकडा दिसेल, खालची बारीक तिथी दिसते का? मग दुसऱ्या डोळ्याने. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकतो, त्यामुळे उजवा किती मागे पडलाय हे तुम्हाला आजवर कदाचित कळलंच नसेल. असंच पांढऱ्या साडीकडे किंवा भिंतीच्या चुन्याकडे आळीपाळीने पाहा. एका डोळ्याला ती पिवळट, चहा सांडून धुतल्यागत दिसली तर तो मोतीबिंदूचा रंग आहे. संध्याकाळी घरातले दिवे लावायच्या आधीच्या अर्ध्या तासात तांदूळ निवडून पाहा. सोसायटीच्या जिन्याची शेवटची पायरी, जिची फरशी खालच्या जमिनीच्याच रंगाची असते, ती उतरताना पाय चाचपडतो का तेही पाहा. गोळ्यांच्या चकचकीत पाकिटावरचं नाव वाचायला पाकीट तिरकं करावं लागतं का? मधुमेहाच्या माणसाला हे शेवटचं फार महत्त्वाचं.

पायरीबद्दल मी उगाच लिहिलं नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम इथे सत्तरीपुढच्या ३०६ स्त्रियांवर एक अभ्यास झाला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या जणींची पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया महिनाभरात केली, बाकीच्या तिथल्या नेहमीच्या यादीत वर्षभर थांबल्या. ज्यांची लवकर झाली त्यांच्यात पडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी निघालं. आपल्याकडे घरात पाय घसरला आणि खुबा मोडला की दोष न्हाणीघरातल्या फरशीला देतात. डोळ्यांकडे कुणाचं लक्षच जात नाही.

तुमच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट आहे, मधुमेह. या एका कारणासाठी तुम्ही सहा महिन्यांच्या तारखेची वाट पाहू नये असं मला वाटतं. शस्त्रक्रियेसाठी नव्हे, तपासणीसाठी. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून डोळ्याचा पडदा शेवटचा कधी पाहिला गेला, हे पत्रात नाही. मधुमेहात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, मध्यभागी सूज येऊ शकते, आणि तशी सूज असेल तर अंधूकपणाचा सगळा दोष मोतीबिंदूवर टाकून तो काढून घेतल्यावर निराशा पदरी येते. पडद्याचा त्रास असेल तर आधी त्याच्यावर उपचार करतात, साखर ताब्यात आणतात, मग मोतीबिंदू. याचीच दुसरी बाजू अशी, की मोतीबिंदू दाट होऊन डॉक्टरांना आतला पडदाच दिसेनासा झाला, तर मधुमेहाच्या माणसाने "माझं चाललंय" म्हणून थांबू नये. तेव्हा वेळ ठरवण्याचा हक्क आपल्याकडे उरत नाही. तपासणीला जाल त्या दिवशी गाडी घरी ठेवा, थेंबांनंतर काही तास डोळे दिपतात. रिक्षाने जा आणि काळा चष्मा पर्समध्ये टाका.

इथे इतर वाचकांसाठीही थोडं थांबतो. वय झालं आणि कमी दिसू लागलं की घरोघरी "मोतीबिंदूच असेल, काढू सवडीने" असं ठरवून टाकतात. काचबिंदू वेगळा. त्यात डोळ्याच्या नसेचं नुकसान होतं, ते बहुधा न दुखता होतं, बाजूची नजर आधी जाते, आणि गेलेली नजर कुठल्याच शस्त्रक्रियेने परत येत नाही. मोतीबिंदूने गेलेली नजर परत येते. म्हणून निदान स्वतः करू नये. तसंच, मोतीबिंदू साधारणपणे दुखत नाही, लाल होत नाही, एका रात्रीत दिसेनासं करत नाही. डोळा ठणकला, डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं झालं, विजा चमकल्यासारख्या वाटल्या, किंवा अचानक दिसणं कमी झालं, तर सवड बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि मोतीबिंदू विरघळवणारे थेंब म्हणून जे काही विकलं जातं, त्यातल्या एकानेही तो विरघळल्याचं सिद्ध झालेलं नाही. मध, गुलाबपाणी वगैरे डोळ्यात घालून जंतुसंसर्ग घेऊन येणारे मी पुष्कळ पाहिले.

समजा तुम्ही ठरवलंत, तर ती तीन पॅकेजं समोर घेऊन बसा. मला त्या कागदाचा राग नाही, तो कोणत्या क्षणी हातात दिला त्याचा आहे. आधी माणसाला विचारायला हवं होतं की तुमचा दिवस कसा जातो. साधं भिंग, ज्याला मोनोफोकल म्हणतात, एका अंतरावर स्वच्छ दाखवतं. बहुतेक डॉक्टर ते दूरच्या अंतरासाठी बसवतात आणि वाचायला चष्मा लागतो. तुम्हाला आत्ता चष्म्याशिवाय पेपर वाचायची सवय झालीय! हे कुणी आधी सांगितलं नाही, तर शस्त्रक्रिया उत्तम होऊनही आठव्या दिवशी तुम्ही म्हणाल, "आधी वाचता येत होतं, तेही गेलं." त्यामुळे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, चष्म्याशिवाय तुम्हाला काय हवंय, रस्ता की पेपर. दोन्ही हवं म्हणून मल्टिफोकल भिंगं असतात, महागही असतात. काहींना ती छान मानवतात. पण त्यांच्यात प्रकाश वेगवेगळ्या अंतरांसाठी विभागला जातो, आणि रात्रीच्या दिव्यांभोवती वलयं दिसण्याची तक्रार त्यांच्यात जास्त असते. जिची मुख्य तक्रारच समोरच्या गाडीच्या दिव्यांची आहे, आणि जिला मधुमेह आहे, तिने त्या पॅकेजला हो म्हणण्याआधी दहादा विचारावं. पडद्यावर मधुमेहाचा परिणाम असेल तर बहुतेक शल्यचिकित्सक स्वतःच नको म्हणतील. बुबुळाचा बाक असमान असेल, म्हणजे चष्म्यात सिलिंडरचा नंबर बराच असेल, तर टोरिक भिंगाचे जादा पैसे मात्र सार्थकी लागतात. "लेझरने करू" या शब्दाला फार भुलू नका. साधी फेकोही चांगल्या हातात तितकीच चांगली होते.

पैशांचं थोडक्यात. मेडिक्लेम असेल तर पॉलिसीचा कागद काढून 'मोतीबिंदू' या नावापुढे काय लिहिलंय ते आधी वाचा. बऱ्याच पॉलिसींत त्याला वेगळी मर्यादा असते. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीचंच उदाहरण घ्या : पहिले २४ महिने मोतीबिंदूचा खर्च मिळत नाही, आणि नंतरही एका डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांतलं जे कमी असेल ते. तुमचे यजमान सत्तरीपुढचे आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारतमध्ये घेतलंय, त्यांचं कार्ड काढलं नसेल तर काढून ठेवा. ज्यांना खर्चच झेपणारा नाही त्यांनी ससून किंवा महंमदवाडीचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय इथे चौकशी करावी. धर्मादाय रुग्णालयांत अनेकदा फेकोऐवजी थोड्या मोठ्या छेदाची, हाताने मोतीबिंदू बाहेर काढण्याची पद्धत वापरतात. ती कमअस्सल नाही. कडक मोतीबिंदूला तर ती पुष्कळदा जास्त सोयीची.

डॉक्टरांना तुमची सगळी औषधं सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका. आणि यजमानांची पाळी येईल तेव्हा त्यांनी प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेतलंय का, हे आवर्जून सांगायला लावा, पूर्वी घेऊन बंद केलं असलं तरीही. त्या औषधाने शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुली नीट मोठी राहत नाही. आधी माहीत असलं की शल्यचिकित्सक तयारीत असतो. पुरुष हे सांगत नाहीत, त्यांना वाटतं त्याचा डोळ्याशी काय संबंध.

माझा कल विचाराल तर, डोळा न तपासता जेवढं सांगता येतं तेवढं सांगतो. आधी पडदा तपासून घ्या. तो ठीक असेल आणि साखर आटोक्यात असेल, तर उजवा डोळा येत्या दोन-तीन महिन्यांत करून घ्यावा. डाव्याची घाई नाही, मात्र उजवा झाल्यावर दोन डोळ्यांच्या नंबरात फार तफावत पडणार असेल तर डावाही लवकर करावा लागेल, हे आधीच विचारून ठेवा. आणि समजा तुम्ही म्हणालात की मला रात्री गाडी चालवायचीच नाही, सवाईला मुलगा नेईल-आणेल, बाकी काही अडत नाही, तर थांबणं हाही योग्य निर्णय आहे. ज्या डोळ्याला फार काही मिळवायचं नाही त्याने शस्त्रक्रियेचा धोका, तो कितीही लहान असला तरी, उगाच का घ्यावा? फक्त ते खरोखर तुमचं मत असावं, मुलाला त्रास नको म्हणून घातलेली समजूत नसावी.

जायचं कुठे? मी म्हणेन, जुन्या डॉक्टरांकडेच परत. त्यांनी तुम्हाला अनेक वर्षं पाहिलंय. या वेळी "कामं होतायत ना?" असं विचारल्यावर हो म्हणू नका, मला लिहिलेलं वाचून दाखवा. तरीही ते थांबा म्हणाले तर का ते विचारा. कारण पटलं तर थांबा.

मुहूर्ताबद्दलही सांगून ठेवतो, कारण तुमच्या पत्रात "दिवाळी झाल्यावर, थंडीत बघू" असं आहे. थंडीचा आग्रह टाक्यांच्या काळातला. आता उन्हाळा-पावसाळा कुठलाही चालतो. पितृपक्षात तर आमच्याकडे यादी रिकामी असायची, हवी ती तारीख मिळे. मी पाहिलंय, पुरुषाची शस्त्रक्रिया तारीख ठरवून होते आणि बाईची सगळ्यांच्या तारखा झाल्यावर. नातवाची परीक्षा, यजमानांचे गुडघे, मग दिवाळीचा फराळ, आणि पुन्हा उन्हाळी सुट्टी. तुमची शस्त्रक्रिया वीस मिनिटांच्या आसपासची, बहुधा थेंबांच्या भुलीखाली होईल, आणि त्याच दिवशी तुम्ही घरी याल. पुढे चार ते सहा आठवडे थेंब. दोन वेगवेगळ्या थेंबांत पाचेक मिनिटांचं अंतर ठेवायचं, रात्री डोळ्यावर प्लॅस्टिकची ढाल लावायची, डोळा चोळायचा नाही, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस डोक्यावरून आंघोळ नाही. या काळात आठवडाभर जेवणाचा डबा लावा. तव्याच्या धगीपेक्षा, थेंबांच्या वेळी तुमचे हात कणकेत नसावेत म्हणून.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं तर "मोतीबिंदू परत आला" असं कुणी म्हणेल. तो परत येत नाही. नव्या भिंगामागचं वेष्टण गढूळ होतं, ते बाह्यरुग्ण विभागातच काही मिनिटांत लेझरने साफ करतात. पण शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत डोळा दुखू लागला, लाली वाढली किंवा आलेली नजर पुन्हा कमी झाली, तर त्याच तासाला फोन करायचा, रविवार असला तरी. असा जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तिथे तास मोजावे लागतात. रुग्णालयाचा रात्रीचा नंबर घरी निघण्याआधीच मागून घ्या आणि फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावा, यजमानांना चष्म्याशिवाय वाचता येईल इतक्या मोठ्या.